एक्केचाळीसची हवा

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा खुर्चीत बसूनच). दाढ काढलीस की अजून तिला संधी देते आहेस? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. मात्र जे सांगायला बसलोय ते घाईघाईने लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या कामासाठी तुझ्या भावजयीने विजेवर चालणारी गाडी घेतली, हे तुला ठाऊक आहेच. गाडी गुणाची. आवाज नाही, धूर नाही. पण स्टेपनीही नाही. विकणारा म्हणाला, बॅटरीचंच वजन एवढं, त्यात जादा चाक कुठे ठेवायचं? (म्हणजे माणूस जाड झाला म्हणून त्याची छत्री काढून घ्यायची.) तेव्हा हवा भरायचं छोटं यंत्र गाडीत हवंच असं ठरलं आणि ते निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं मी लोकांना ‘हे नीट दिसतं की ते?’ असं विचारत आलो. स्वतः निवडायची वेळ आली तेव्हा तीन आठवडे लागले. एकाची नळी आखूड, दुसरं हवा पुरेशी झाली तरी आपणहून थांबत नाही, तिसऱ्याला पाच मिनिटांत धाप लागते. शिवाय जड गाडीच्या टायरला हवा जास्त लागते, आमच्या गाडीला एक्केचाळीस (कसले एक्केचाळीस ते विचारू नकोस, दारावर तसं लिहिलंय). मी वही आखली, रकाने पाडले. ही म्हणाली, “मुलं निवडून आणायची असती, तर आपली मुलगी अजून वहीतच असती.” शेवटी एक घेतलं. पाण्याच्या बाटलीएवढं. एवढंसं भांडं एवढी थोरली गाडी उचलणार, यावर माझा काडीचा विश्वास बसेना. म्हणून मी ते खोक्यासकट कपाटात जपून ठेवलं.

मंगळवारी भर दुपारी फोन आला. खाणीपलीकडच्या घरात एक पहिलटकरीण, वेळेच्या दहा दिवस आधीच कळा सुरू. ही पिशवी घेऊन धावली आणि मी पाहतो तर गाडीचं पुढचं डावं चाक बसलेलं. त्यात बोटाएवढा खिळा. मी पक्कड आणायला निघालो, तर ही ओरडली, “हात लावू नका! रुतलेलं आधी उपसायचं नसतं, माणसाचं काय नि टायरचं काय!” मग मी खोकं फोडलं आणि पुस्तिका मोठ्याने वाचू लागलो. पान चारवर ‘ग्राहकाचे अभिनंदन’ आलं तेव्हा हिने यंत्र माझ्या हातातून ओढलं, नळी बसवली, आकडा एक्केचाळीसवर नेला आणि बटण दाबलं. अक्का, काय सांगू! ते चिमुरडं घरघरायला लागलं, आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत, झोपेतून उठणाऱ्या हत्तीसारखी, हळूहळू वर आली. एक्केचाळीस झाले आणि ते आपणहून गप्प बसलं. मी टोपी काढली. (खरंच काढली. शेजारीण बघत होती.)

हवा पुन्हा उतरणार म्हणून हिने मलाही गाडीत कोंबलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हिच्या कामावर मी पहिल्यांदाच जात होतो. वाटेत एकदा हवा भरली, तिथे पोचल्यावर अंगणात पुन्हा भरायला घेतली. यंत्र तापलं, दहा मिनिटं विसावा मागू लागलं. आत हीसुद्धा त्या मुलीला तेच सांगत होती: आता जोर नको, श्वास घे, पुढची कळ येऊ दे. आवाज असा की दगडानेही ऐकावं. घरी हीच बाई मला ओला टॉवेल उचला म्हणून चारदा सांगते आणि मी ऐकत नाही.

टायरमध्ये एक्केचाळीस झाले आणि त्याच क्षणी बाळ रडलं असं लिहिलं असतं, तर किती शोभलं असतं. पण तसं झालं नाही. पन्नास मिनिटं गेली, हवा चार आकडे उतरली, आणि आतून हाक आली. खोली अंधारी, आणि हिच्या हातातल्या विजेरीने नेमके तेव्हाच डोळे मिटले होते. यंत्राला पुढे दिवा आहे, तो घेऊन या म्हणाली. मी तोंड भिंतीकडे करून, हात मागे नेऊन, दिवा धरून उभा राहिलो. “थोडा वर. डावीकडे. हं, हलू नका.” खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाने माझ्यासमोरच्या भिंतीवर दोन सावल्या पडल्या होत्या. मग अक्का, तिसरी आली. आधी काही ऐकू आलं नाही. हिने पाठ चोळल्याचा आवाज, एकदा, दोनदा. मी दिवा आणखी घट्ट धरला. आणि मग ते रडलं. इतक्या छोट्या छातीत एवढी हवा कुठून येते? कोण भरतं? मी त्या भिंतीला मनोमन नमस्कार केला.

भाऊजींना नमस्कार. दाढेचं मनावर घे.

तुझा धाकटा

ता. क. : यंत्र आता हिच्या पिशवीत असतं, दिवा म्हणून. गाडीसाठी दुसरं घ्यायचंय. वही सापडली आहे.

ता. क. दुसरा : पत्र खरं यासाठी. हिला फोन कर आणि आपल्याच मनाने सुचल्यासारखं सांग, की दर वेळी सोबत कुणीतरी असावं. मला पुन्हा जायचंय. स्वतःहून विचारायला जीभ रेटत नाही. या पत्राचा उल्लेख नको.

(याखाली वेगळ्या अक्षरात)

अक्का, नमस्कार. पाकिटावर तिकीट लावायला माझ्याकडेच दिलं होतं, म्हणून वाचलं. ह्यांना न्यायला माझी हरकत नाही. दिवा खरंच नीट धरला होता. फक्त बाळ रडल्यावर हे भिंतीला टेकून सरळ खाली आले, आणि बाळाआधी मला ह्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं, एवढं लिहायचं राहिलंय.