आधी हत्तीला हात

आचोळे रोड, नालासोपारा (पूर्व)
९ नोव्हेंबर १९९८

श्री. आत्माराम यांस,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्हीही तिकडे सांगलीला बरे असाल असं धरून चालते. पत्र कारखान्याच्याच पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही.

सुरुचीच्या निवड स्पर्धेचा निकाल लागला. ठाणे जिल्ह्यातून चौदा वर्षांखालच्या दोन मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. आपली तिसरी आली. तिसरीला स्टीलचा पेला देतात, तो दिला. पेपरात पहिल्या दोघींचीच नावं आहेत.

स्पर्धा पापडीला, चर्चमागच्या हॉलमध्ये होती. तिला बुद्धिबळ शिकवणाऱ्या आग्नेस टीचर दोन्ही दिवस सोबत होत्या. पहिल्या दिवशी पोरीने कुणाला उभं राहू दिलं नाही. विरारची एक मुलगी हरल्यावर रडायला लागली, तर आमची बाई तिला आपल्या डब्यातलं थालीपीठ भरवते आहे! तुमच्यावर गेली असती तर डबा झाकला असता.

शेवटचा डाव पापडीच्याच मर्लिनशी होता. बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. डावही हिच्याच बाजूने होता. मग कॅसलिंग करताना, म्हणजे राजाला हत्तीच्या आड कोपऱ्यात नेताना, हिने आधी हत्ती उचलून राजाशेजारी ठेवला आणि मग राजाला हात घातला. मर्लिनने पंचांना बोलावलं. नियम असा की आधी राजालाच हात लागला पाहिजे. हत्तीला लागला तर नुसता हत्तीच हलवायचा. राजा मधोमध उघडा पडला आणि पुढे व्हायचं ते झालं.

टीचर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जयवंती, शंभरदा सांगितलंय हिला, आधी राजा! वर्षभर बरोबर करायची. आजच काय झालं गो हिला?"

मला ठाऊक होतं. राज्य स्पर्धा सांगलीला आहे हे कळल्यापासून ही रोज संध्याकाळी एकटीच पट मांडायची आणि तुम्ही घरी शिकवलं होतंत तसं खेळायची. आधी हत्ती, मग राजा. मी ओरडले तर म्हणाली, "अगं, पप्पांसमोर बसेन तेव्हा त्यांना वाटायला नको, की मी त्यांचं सगळं विसरले." जिंकायचं होतं ते एवढ्याचसाठी. राज्यातला नंबरबिंबर तिच्या डोक्यातही नव्हता.

गणपतीत तुम्ही शेजारच्या सुझानकडे फोन केलात. म्हणालात, "तिला सांगलीला आणू नकोस. इथे घरात तुमच्याविषयी काही माहीत नाही. हॉलवर आली तरी मी भेटणार नाही." हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पंजाबी ड्रेस इस्त्री करून ठेवणाऱ्या पोरीला काय सांगायचं?

शेवटच्या डावाला आम्ही सगळ्या आया बाहेर बाकांवर होतो. कुणी रोझरी ओढत होती, कुणी स्तोत्र म्हणत होती. मीही हात जोडले होते. आत्माराम, मी मागत होते की माझी मुलगी हरू दे. तुमच्या गावी जाऊन तुमची पाठ बघण्यापेक्षा इथेच हरू दे. देवाने आजवर माझं काही ऐकलं नाही, हे मात्र लगेच ऐकलं.

बाहेर आली तेव्हा रडली नाही. "आई, माझाच हात चुकला," म्हणाली. मी जवळ घेतलं, पण तिच्या तोंडाकडे बघवेना.

तेव्हा निर्धास्त राहा, ती येत नाही. खेळ सोड म्हणावं, तर तुमचं म्हणून तिच्यापाशी काहीच उरणार नाही. खेळू द्यावं, तर ती तुमच्यासाठीच खेळत राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. मला काही सुचत नाही.

आता पलीकडून विचारते आहे, "पप्पांना लिहितेस ना? सांग त्यांना, रागावू नका. पुढच्या वर्षी नक्की येते."

सांगितलं.

सुरुचीची आई,
जयवंती