पट्टी उघडायची नाही

ता. १९ जाने., सोम.
पाणीगेटच्या पेशंट काकांची पट्टी काकूंनी परत सोडली. शनवारी इतकं घसा कोरडा करून सांगून आलो होतो. आज पाणीगेटला पोचलो तर पट्टी धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेली, शेजारी मांज्याचा गुंता. काकांच्या पायावर नुसता गॉझ, वर हळद. काकू म्हणे, "दोन-दोन दिवस माणसाच्या जखमेकडं बघायचंच नाही, ही कसली सेवा? आधीची सिस्टर रोज यायची."
रोज यायची आणि घोट्यावरचं भोक तसंच राहायचं. हे ओठावर आलं होतं.
काकांच्या पायातलं रक्त खालीच साठतं, वर चढत नाही. घट्ट पट्टी ते वर ढकलते. डॉक्टरनी पायाची नाडी तपासून मगच हो म्हटलंय. हळद धुतली, पट्टी परत बांधली. काका मला चिडवत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही तुम्ही गेल्यावर परत सोडणार, पैज लावता?"

२० जाने., मंगळ.
सयाजीगंजच्या आमच्या ऑफिसात भांडण. आधी तिघी सिस्टर होत्या. एक आखातात गेली, एकीला मोठ्या दवाखान्यानं ओढली. उरल्या हंसाबेन. घरोघरच्या पेशंटना एक सिस्टर आणि आम्ही चार पोरं, व्हिडिओ कॉलवर त्या दाखवतील तसं करणारे.
बाजव्याच्या आजींना झोपून झोपून पाठीला जखम. त्यांना रोज पाहिजे, पण माणूस नाही. हंसाबेन म्हणाल्या, पाणीगेटला आठवड्यातून दोनदाच, सोम आणि गुरु. राहिलेला वेळ बाजव्याला. सेठ म्हणाले, पार्टी रोज मागते तर रोज जा, बिल होतं. हंसाबेननी पर्स उचलली आणि दाराकडं निघाल्या. सेठ लगेच "बेसो बेसो."
ठरलं. पण मला फेरीवर पैसे. बाजव्याची एक फेरी इथल्या तीन फेऱ्यांचा वेळ खाते. म्हणजे मार माझ्याच खिशाला. तरी हो म्हणालो. का म्हणालो ते…

२२ जाने., गुरु.
आज हंसाबेन स्वतः पाणीगेटला आल्या. पहिलाच प्रश्न, काका दिवसभर बसतात कुठं? मी जातो तेव्हा पलंगावर आडवे असतात. ते काकू मुद्दाम झोपवतात, मी येणार म्हणून. एरवी सकाळपासून झोपाळ्यावर, पाय खाली लोंबत. एवढे दिवस जातोय, मला विचारायचं सुचलं नाही.
काका म्हणाले, "आमच्या पणजोबांना सरकारच्या घोड्यावरून कुणी उतरवलं नाही, आणि मला घरच्या झोपाळ्यावरून उतरवता?" शेवटी तडजोड. झोपाळ्यावरच, पण आडवं बसायचं, पाय लोडावर उंच. झोका काकू देणार.
मग पट्टीचा विषय. हंसाबेन म्हणाल्या, नवी कातडी पातळ असते, रोज उघडलं की गॉझबरोबर निघून येते. "ढोकळा चढवला की झाकण सारखं उघडता का?" काकू म्हणाल्या, "ढोकळ्याला असा वास नाही सुटत." पण हसल्या.
जिन्यात काकूंनी मला एकट्याला सांगितलं. ९ तारखेला डॉक्टर बघणार. जखम लहान झाली नाही तर ॲडमिट, मांडीची कातडी काढून घोट्यावर लावणार. "मागच्या खेपेला भूल दिली तर शुद्धीवर येऊनसुद्धा मला ओळखत नव्हते रे गजानन. परत तसं झालं तर…" हळदीचं कोडं तेव्हा सुटलं, काकूंना भुलीची धास्ती.

२६ जाने., सोम.
पट्टी जशीच्या तशी. उघडली. वास कमी, कडेला पांढुरकी गुलाबी रेघ. प्लास्टिकच्या कागदावर पेनानं जखमेची कड काढून हंसाबेनना फोटो टाकला. मागच्यापेक्षा आत आलीय. थोडीच, पण आलीय.
संध्याकाळी दादाचा फोन. "पट्ट्या बांधायला इतक्या लांब कशाला गेला? हिंगोलीत कुणाचे पाय नाहीत का?" फोन ठेवला.

२८ जाने., बुध.
माती खाल्ली.
माझा वार नव्हता. दुसरं घर करून पाणीगेटवरून चाललो होतो, म्हटलं डोकावू. काका म्हणाले, आत खाज येते. मला राहवेना. कुठलीच गोष्ट मला धरून ठेवता येत नाही. शाळा आठवीत सोडली, गॅरेज सोडलं, सुरत सोडली. बघतो जरा, म्हणत सोडली पट्टीसुद्धा. गॉझ चिकटला होता. ओढला. रेघेचा तुकडा निघून आला, रक्त.
काकू चहा घेऊन दारात. ओरडल्या नाहीत. "मी सोडली तेव्हा तू कसा बोलला होतास?"
काका म्हणाले, "दोघांचा हात सारखाच."
हंसाबेनना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाल्या, "उद्या तू नको, मी जाते. पण मग बाजव्याच्या आजी उद्या राहिल्या." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

३० जाने., शुक्र.
सुट्टी होती. बाजव्याला गेलो. रिफायनरीचा वास नाकात घेऊनच उतरलो. आजींची सून म्हणाली, काल कोणी आलंच नाही. हात धुतले. हंसाबेन कॉलवर. जखम धुतली, भरली, कुशीला उशी कशी लावायची ते सुनेकडून दोनदा करून घेतलं. दर शुक्रवारी जाणार. कुणी सांगितलेलं नाही.

२ फेब्रु., सोम.
पाणीगेट, हंसाबेनबरोबर. तुकडा निघाला होता तिथं परत रेघ धरलीय. नव्या कागदावर कड काढली. ९ पर्यंत जखम पुरेशी भरेल का, विचारलं. म्हणाल्या, "पायाला विचार."
पट्टी बांधून झाली आणि काकू सुई-दोरा घेऊन आल्या. पट्टीचं टोक टाके घालून शिवून टाकलं, ब्लाउजची बाही शिवावी तसं. "आता तू पण नाही, मी पण नाही." हंसाबेननी दोनच गोष्टी सांगितल्या. बोटं काळीनिळी झाली किंवा पाय ठणकायला लागला तर टाके बघत बसायचं नाही, सरळ कापायची आणि फोन करायचा.

५ फेब्रु., गुरु.
पट्टी बाहेरून कोरडी. बोटं कोमट, गुलाबी. फोटो पाठवला. हंसाबेन म्हणाल्या, सोमवारपर्यंत हात लावू नको, डॉक्टरसमोरच उघडू. काका झोपाळ्यावर आडवे, काकू झोका देत भाजी निवडत होत्या. चहा घेतला, हात खिशात घालून निघालो.
ऑफिसात सेठ म्हणाले, पट्टी बदलली नाही मग फेरी कसली? धरली नाही.

७ फेब्रु., शनि.
पगार झाला. सोमवारी सकाळी काकांना रिक्षातून डॉक्टरकडं न्यायचं, मी बरोबर जाणार. काकूंनी सांगितलं नाही, मीच म्हणालो. तीपण फेरी नाही. चालेल.
आईला फोन केला. म्हटलं, या महिन्याला घरावरच्या पत्र्यांना पैसे पुरणार नाहीत. "काम सुटलं का रे?" नाही गं, काम चालूय. "मग?" सांगायला गेलो, एका म्हाताऱ्या माणसाचा पाय आहे, तो झाकून ठेवायचा असतो. ती म्हणाली, "बरा होईल ना?" सोमवारी कळेल म्हणालो.
आईच्या खात्यावर पाठवतो, चार हजार आठशे.