म्हशीने न मारलेली लाथ

कोरेगाव,
रविवार, दुपार

ती. बाळासोदादा यांना धाकटा चुलतभाऊ वीरधवल याचा वाकून नमस्कार (वाकायला आता काही त्रास होत नाही, त्याची हकिकत पुढे येईलच). इकडे आबा, आई, क्रांती, ऊस आणि मी असे सगळे खुशाल आहोत. ऊस वाऱ्यानं जरा लोळला आहे, पण खचलेला नाही. तुमच्याकडे कोयनानगरला परवा जमीन हलली असं ऐकलं. तुम्ही म्हणाल त्यात काय, रोजचंच आहे. मंगलवहिनींची कंबर कशी आहे? त्यांनाही नमस्कार सांगा.

आता मुद्दा. आमच्या लग्नाला आठ वर्षं होत आली. या वर्षांत क्रांतीनं किती उपवास धरले, किती काढे प्याली आणि किती बायकांचे सल्ले ऐकले, याचा हिशेब देवाकडेही नसेल. तिच्या तपासण्यांची फाइल आबांच्या पेन्शनच्या फाइलपेक्षा जाड झाली. गेल्या साली आम्ही सांगलीला नवीन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फाइल पुढून चाळली, मागून चाळली आणि विचारलं, "यांची तपासणी कुठं आहे?" मी भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडे बघत बसलो. क्रांती म्हणाली, "त्यांची कुणी सांगितलीच नाही." बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की शाळेत गृहपाठ न केलेला दिवस आठवला.

नमुना देण्याच्या खोलीबद्दल मी लिहिणार नाही. (एवढंच सांगतो, की तिथं एका खत कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर ढोबळी मिरची होती, आणि त्या मिरचीकडे मी आजही बघू शकत नाही.) पण रिपोर्टच्या दिवशी जे झालं ते लिहिलंच पाहिजे. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव टाइप करताना एक अक्षर जास्तीचं घातलं होतं. भरल्या हॉलमध्ये तिनं पुकारलं, "वीर्यधवल कोण?" चाळीस माणसं बसलेली. मी उठेपर्यंत तिनं तीनदा पुकारलं. आणि आत गेल्यावर बाईंनी सांगितलं, की नाव काहीही असो, शुक्राणू शून्य आहेत. कमी नव्हेत, शून्य.

दादा, गाडीत बसल्यावर मला क्रांतीकडे बघवेना. कवठ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं रडते आहे. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती एकदम हसत सुटली. "वीर्यधवल!" म्हणाली आणि परत हसली. मीही हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, "आवं, सात वर्षं मी गुळवेल प्याले."

पुढं रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. दुसरे एक डॉक्टर आले, ते तासगावकडचे, द्राक्षबागेच्या घरातले. ते म्हणाले, विहिरीला पाणी भरपूर आहे, पाइपलाइन तुंबली आहे. आपण थेट विहिरीत उतरू. म्हणजे काय, तर भूल देऊन सुईनं जागेवरूनच शुक्राणू काढायचे, त्याच दिवशी क्रांतीची बीजं काढायची, आणि प्रयोगशाळेत एकेका बीजात एकेक शुक्राणू नेमका सोडायचा. मी विचारलं, विहिरीला काही होणार नाही ना? डॉक्टर म्हणाले, दोन दिवस चालताना आठवण राहील, एवढंच.

घरी खरं सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी सांगितलं, मिरजेला म्हैस बघायला जातो. क्रांती कशाला? तर धार काढून बघायला. (हे कारण मला स्वतःला फार आवडलं होतं.) गाडी सांगलीतूनच मागवली, कारण गावातला ड्रायव्हर म्हणजे आकाशवाणी. आम्हाला दोघांना दोन खोल्यांत नेलं. मागून उघडा असलेला हिरवा झगा घालून मी पडलो आणि भूल चढताना म्हणे भूलतज्ज्ञांना विचारलं, "ऊसतोडीची टोळी आली का?" जागा झालो तेव्हा शेजारच्या खाटेवर क्रांती होती. प्रयोगशाळेच्या सोनिया मॅडम आल्या. दोन तास भिंगाखाली शोधून त्यांना सापडले होते नऊ. दादा, जिथं कोटींची गोष्ट असते तिथं नऊ! पण क्रांतीनं झोपेतल्या झोपेत माझा हात धरला आणि म्हणाली, "माझी आठच हायती. एक उरतोय की."

संध्याकाळी घरी आलो. पाय फाकवून उतरलो तर ओसरीवर आबा. सुभेदार माणूस, चाल बघूनच ओळखतात. "ही कसली चाल रं?" मी म्हणालो, म्हशीनं लाथ मारली. संपलं. आईनं तात्याबा हाडवैद्याला निरोप धाडला. तात्याबा तेलाची वाटी आणि बांबूच्या कामट्या घेऊन हजर. त्यांच्यामागं शेजारची तानुबाई आणि अर्धी गल्ली. तात्याबा म्हणाले, विजार काढा. मी म्हणालो, काढणार न्हाई. गल्लीतल्या दोघांनी माझे हात धरले. तेवढ्यात क्रांती बर्फाची पिशवी घेऊन दारात आली आणि तिला बघून तानुबाई बोलली, "हिच्या पायगुणानं पाळणा तर हलला न्हाईच, आता नवऱ्याला म्हशी तुडवाय लागल्या."

क्रांती तिथंच थांबली. पिशवीतलं पाणी टपटप गळत होतं. आणि दादा, मला काय झालं कुणास ठाऊक, मी तात्याबांच्या हातातली कामटी हिसकावली आणि ओरडलो, "म्हैस न्हवतीच! दोष माझ्यात हाय. सात वर्षं माझ्यातच हुता. सांगलीत सुईनं काढून घेतलंय!"

तात्याबांच्या वाटीतलं तेल ओसरीवर सांडलं. आई आत निघून गेली. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "घावले का?"
"व्हय."
"किती?"
"नऊ."
आबांनी विचार केला. "फौजेत सेक्शन धा जवानांची असती," ते म्हणाले. "पर नऊजणात बी चौकी जिंकल्याली मी बघितलीया."

आई तासाभरानं बाहेर आली. तानुबाई अजून बसलेली. आई तिला म्हणाली, "कमी माझ्या पोरात हाय, सुनंत न्हाई. जा, सगळ्या गल्लीला सांग. न्हाई तर मीच सांगती." मग क्रांतीजवळ गेली, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिचे ओले हात आपल्या पदरानं पुसले.

पहिल्या वेळी नाही राहिलं. ते चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही. एक गर्भ गोठवून ठेवलेला होता, तो दिवाळीनंतर क्रांतीच्या पोटात सोडला. आता पाचवा महिना सुरू आहे. क्रांती ओकते, चिडते आणि कच्ची कैरी मागते. आबा रोज सकाळी तिच्या पोटाकडे बघून छाती पुढं काढून उभे राहतात. गावभर माझं नाव झालं आहे. परवा बांधावर तिघंजण वेगवेगळ्या वेळी येऊन, आभाळाकडे बघत, मित्रासाठी म्हणून सांगलीचा पत्ता घेऊन गेले. तिघांचा मित्र एकच असावा.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
वीरधवल

ता. क. – तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. वहिनींच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तुमची एकही नाही. येत्या चौदा तारखेला सकाळी दहाला सांगलीत तुमच्या नावानं नंबर लावला आहे. मी सोबत येतो. नावाचं स्पेलिंग मी स्वतः तपासलं आहे.

ता. क. दुसरा – यातलं वहिनींना काही माहीत नाही असं समजू नका. नंबर लावायला त्यांनीच सांगितलं. पाकीटही त्यांच्याच नावानं पाठवलं आहे, म्हणजे हे त्यांनी आधीच वाचलं आहे, आणि तुम्ही वाचताय तेव्हा त्या समोर बसल्या असतील. दादा, जरा मान वर करून बघा.