बिनशाम्पूचं डोकं

४ फेब्रुवारी
आजपासून शाम्पू बंद. कायमचा. सकाळी कंगव्यात इतके केस आले की त्यात टकल्या मेहुण्याचं सहज भागलं असतं. दुपारी डबा खाताना मोबाइलवर वाचलं : शाम्पू टाळूचं नैसर्गिक तेल पळवतो, टाळू घाबरते आणि केस सोडून देते. मला हे आतून माहीतच होतं. उपाय सोपा. अधूनमधून खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा, वर व्हिनेगर, एरवी नुसतं पाणी. सुरुवातीला केस जरा तेलकट होतात म्हणे. पण टाळूला एकदा समजलं की ती आपणहून तेल आवरते.

वेळही योग्य साधली आहे. महिनाअखेर मालक नव्या शाखेचा मॅनेजर ठरवणार. गाद्या-उशांच्या या दुकानात माझी अर्धी हयात गेली, तीही आडवं पडून. गिऱ्हाईकाला उशी दाखवायची तर आधी आपण तिच्यावर डोकं टेकायचं, ही मालकांच्या वडिलांपासूनची पद्धत. माझ्याइतकं समाधानाने आडवं होणं कुणाला जमत नाही. स्पर्धेत फक्त पडदे विभागातला लंबू. त्याला केस भरपूर आहेत, पण कर्तृत्व तेवढंच.

बायको म्हणाली, मॅनेजर झालास तर मी संध्याकाळच्या शिकवण्या सोडते. ओरडून ओरडून तिचा घसा वर्षभर बसलेलाच आहे. तिला म्हटलं, सोडल्याच समज.

७ फेब्रुवारी, सकाळी
पहिला सोडा-व्हिनेगर. फेस भरपूर आला. डोक्यावर नाही, मगमध्ये. दोन्ही डोळ्यांत गेलं. बायकोने दाराबाहेरून विचारलं, आत सॅलड करतोयस का. प्रत्येक मोठ्या कामाची सुरुवातीला टिंगलच होते.

११ फेब्रुवारी
केस चपटे, सगळे एकाच दिशेला. चमक मात्र जबरदस्त. मुलीचं म्हणणं, ही चमक नाही, तेल आहे. तिच्या शाम्पूच्या बाटल्यांनी बाथरूमची फळी वाकली आहे. कोरड्या केसांचा, कुरळ्या केसांचा, रंगवलेल्या केसांचा. तिचे केस सरळ आणि काळे आहेत. अशा व्यक्तीशी वाद कशाला घालायचा?

माझ्या उशीवर कुणीतरी जुना टॉवेल अंथरलाय. विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी
दुकानात गंभीर प्रकार. आमची सगळ्यात महागडी मेमरी फोमची उशी, मधोमध पिवळट डाग! परवा मी तिचा डेमो दिला तेव्हा डाग नव्हता. म्हणजे तो डेमोनंतर आला. मालकांना दाखवला. म्हटलं, फोममधलं काहीतरी वर येतंय. मालकांनी उशी नाकाशी नेली आणि म्हणाले, व्हिनेगरसारखा वास येतोय. मी म्हटलं, तेच ते केमिकल. मालक माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चांगलाच प्रभाव पडला असावा.

१६ फेब्रुवारी
उशीच्या कंपनीला ईमेल ठोकला. कडक भाषेत. माल सदोष आहे, तुमचा माणूस पाठवा, आमच्या दुकानाच्या अब्रूचा प्रश्न आहे. मॅनेजर असाच विचार करतो. लंबू म्हणाला, जरा थांबू या, मी दाखवतो त्या उशांना काही झालेलं नाही. कसं होणार? तो डोकं टेकतच नाही. उशी हातात धरून पाव दाबावा तशी दाबतो. कामचुकार.

१९ फेब्रुवारी
आणखी उशा डागाळल्या. या कंपनीचं काही खरं नाही.

दुपारी एक बाई आल्या. मी आडवा झालो, डोळे मिटले, मानेच्या मणक्यांवर बोललो. उठून म्हटलं, आता तुम्ही. त्यांनी उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पर्समधून रुमाल काढून उशीवर पसरला. मग तो रुमालही तिथेच सोडून गेल्या.

टाळूला अजून समजत का नाही, याचा मला आता मनापासून राग येतोय. किती दिवस समजावायचं? माणूस असती तर एव्हाना तिला नोकरीवरून काढलं असतं.

२२ फेब्रुवारी
नवा उपाय : कॉर्नफ्लोअर. तेल शोषून घेतं. घेतलं. पण मग ते खाली येतं. काळ्या शर्टावर दिवसभर. गिऱ्हाईकांसमोर लंबूने माझे खांदे झटकले, वर मैत्रीचं हसू. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

बायको आता मुलीच्या खोलीत झोपते. कारण माझं घोरणं. आजवर कधी तक्रार नव्हती. आज जेवताना ती ताट बाजूला सारून बसलेल्या आवाजात म्हणाली, "एकदा, फक्त एकदा शाम्पू कर. मालकांनी तुला निवडेपर्यंत. मग डोक्यात काय वाट्टेल ते ओत."

मी शांतपणे समजावलं की आत्ता एकदा जरी शाम्पू केला तर टाळूची एवढी मेहनत वाया जाईल. ती म्हणाली, टाळूच्या मेहनतीचं सगळं कळतं तुला. आणि भांडी घासायला उठली. मला त्यातला रोख कळला. वाईटही वाटलं. पण अर्ध्यात सोडणारा माणूस मॅनेजर कसा होणार?

२५ फेब्रुवारी, दुपारी
कंपनीचा माणूस आला. माझ्या ईमेलमुळे आला, हे मी मालकांना दोनदा सांगितलं. त्याने सगळ्या उशा टेबलावर मांडल्या. मग सीलबंद नवी उशी फोडली आणि अगदी नम्रपणे मला म्हणाला, गिऱ्हाईकाला दाखवता तसं जरा दाखवा.

मी जीव ओतला. एवढा सुंदर डेमो आयुष्यात दिला नसेल. पाठीवर, कुशीवर, परत पाठीवर. उठलो. सगळे उशीकडे बघत होते. मालक, लंबू, बिलिंगवाली, कंपनीचा माणूस. मध्ये डोक्याएवढा गोल, आणि कडेने थोडं कॉर्नफ्लोअर.

मी म्हटलं, बघा, नवीसुद्धा सदोषच.

कंपनीच्या माणसाने उशीचा फोटो काढला. लंबूने मान फिरवली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. पंखा फुल्ल केला. लंबू मॅनेजर. माझा अनुभव वाया जाऊ नये म्हणून मला गोदामाची जबाबदारी. पगार आहे तोच. म्हणाले, तिथे सगळा माल प्लास्टिकमध्ये असतो. मी आभार मानले. काय करणार?

घरी सांगितलं की गोदाम म्हणजे दुकानाचा कणा. बायकोने मान डोलावली. रागावलीही नाही. शिकवणीची वेळ झाली होती, तिने पाण्याची बाटली भरून घेतली आणि चपला घातल्या. जिन्यात तिचा खोकला खालपर्यंत ऐकू येत होता.

मग बाथरूममध्ये गेलो. मुलीची हाताला लागली ती बाटली घेतली, रंगवलेल्या केसांची. तीनदा धुतलं.

१ मार्च
गोदामाचा पहिला दिवस. छताला पत्रा, खाली खोकी. केस आज अप्रतिम झालेत. मऊ, हलके, थोडे दाटसुद्धा वाटतात. दारातच सुपरवायझरने हेल्मेट दिलं. पिवळं. आत असेपर्यंत काढायचं नाही, नियम आहे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको शिकवणीला गेलेली. आठवड्यात अजून एक तुकडी वाढवून घेतली आहे, असं मुलीने सांगितलं.