ताईच्या हातांसाठी कॅमेरा

५ मार्च

कोऱ्या पानांनो! तुमचं-आमचं दुखणं एकच — आपल्याबद्दल ठरवतात दुसरेच, आपल्याला विचारत कुणी नाही!

आजच्या भाषणाची सुरुवात हीच होती. फक्त 'पानांनो'च्या जागी 'सफाई कामगारांनो'. टाळ्या पडल्या म्हणे. सकाळी डॉक्टर ताईबद्दल म्हणाले होते, "तीन आठवडे. फार तर चार." त्यानंतर मी तासभर बोलले. काही वाटलं नाही. अजूनही नाही.

६ मार्च

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आमची हातांची भाषा आम्ही दोघींनी लहानपणी घरातच जुळवली. जगात ती येणाऱ्या दोघीच. महिन्याभरात एकच. म्हणून तिचं बोलणं टिपून ठेवायचं.

फोनवर करून पाहिलं. खोलीत अंधार. गेल्या महिन्यात डॉक्टरांसमोर ताई डोळे बारीक करून खिडकीच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याकडे हात करू लागली, तेव्हा मीच सांगितलं — "उजेड सोसत नाही हिला." "मग पडदे ओढा," म्हणाले. तेव्हापासून ओढलेलेच. फोनमध्ये चेहरा जेमतेम येतो. हात म्हणजे नुसता धूर.

८ मार्च

कॅमेऱ्याचं दुकान. "मॅडम, मेगापिक्सेल बघा की किती आहेत!"

मला अंधारात हलणारे हात हवेत, म्हटलं.

"मग सोबत दिवा न्या."

दिवा चालणार नाही म्हटल्यावर त्याने खांदे उडवले. एरवी त्याला तिथेच सोलून काढला असता. आज आभार मानून बाहेर पडले.

९ मार्च

युनियनच्या सभा चित्रित करणारा आमचा पोरगा, ज्याला सगळे 'चष्मा' म्हणतात आणि जो मला भाषणांवरून 'तोफाबाई' म्हणतो, म्हणाला, "तोफाबाई, मेगापिक्सेल गेले खड्ड्यात! सेन्सर मोठा हवा, भिंगाचं तोंड मोठं हवं. आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा सावकाश नको. कॅमेरा उजेड गोळा करत बसतो, तोवर हात पुढे निघून जातो. चित्र खरखरीत, दाणेदार आलं तर येऊ दे. धूर नको."

नवा परवडणारा नव्हता. त्याच्या ओळखीतून सात वर्षं वापरलेला मिळाला, कोपरे घासलेला. भिंग मात्र चांगलं, १.८ चं, म्हणजे मोठ्या तोंडाचं.

ताईने तो चाचपला. माझ्याकडे बोट केलं, मग बोटांची चोच उघड-मिट, उघड-मिट. 'यातही तूच बडबडणार?' हसली. मी हसले का? आठवत नाही.

११ मार्च

हात आले! दाणेदार, पण एकेक बोट वेगळं.

पाहत गेले. ताईचे हात उठतात, तीन-चार खुणा होतात, की चौकटीत तिसरा हात घुसतो. माझा. तिचे हात धरून खाली ठेवतो. मग माझा आवाज — "ताई म्हणतेय की..." बावीस मिनिटांत सतरा वेळा. कुणाला सांगत होते मी? खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

शेजारी चष्मा. त्याने चित्रण थांबवलं. मग म्हणाला, "बाई, यात ताई कुठंय?"

तीस वर्षं बोलतेय मी. मी चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं.

१२ मार्च

कॅमेरा तिवईवर लावला, चालू केला आणि खोलीबाहेर पडले. दाराशी स्टुलावर बसून राहिले, हात मांडीखाली दाबून.

१३ मार्च

अकरा मिनिटं. पहिल्या मिनिटापासून एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा, सावकाश, लहान मुलाला शिकवावी तशी. आधी डोळ्यांवर तळवा. मग माझ्या हातांची खूण. मग खिडकीकडे बोट, आणि दोन्ही मुठी दोन बाजूंना ओढलेल्या —

अंधारात तुझे हात दिसत नाहीत. महिना झाला, तू काय बोलतेस कळत नाही मला. पडदे उघड.