हळदीच्या मांडवाखालचं बावखल

प्रिय धनेश,

फोन केला असता तर मी बोलत सुटलो असतो आणि तू नेहमीसारखा हसून विषय बदलला असतास. म्हणून लिहितोय.

आमच्या रीमाला मुलगी झाली. बारशाचा मांडव कुठे घालणार, असं अख्खं उमेळे गाव विचारतंय. रीमाच्या हळदीला आठशे माणूस जेवलं, वाढायला तूच पुढे होतास. अंगण पुरेना म्हणून तुमच्या कुंपणालगतचं माझं बावखल मी बुजवलं. पावसाचं पाणी जिथे साठून मुरायचं, तिथे सहा डंपर माती ओतली. हळद लहान केली तर लोक काय म्हणतील, ही भीती! हवामान बिघडलं म्हणून कोळशावर, बड्या राष्ट्रांवर तासनतास गरजणारा मी. वर्षभरात आळीतल्या तिघांनी आपापली बावखलं बुजवली. म्हणाले, "हरेशभाऊंना चालतं, मग आम्हाला का नाही?"

गेल्या जुलैत तुमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. आठवड्याने मी देवळाच्या सभागृहात बदलत्या हवामानावर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. तुझी आई, आपली धोंडूकाकी, पुढच्याच रांगेत होती. निघताना म्हणाली, "हरेश, दुनियेचा बरा सांगितलास. पन पानी तं तुझ्या कुंपनातून आला." मी हसण्यावारी नेलं. मी बोललो त्यातलं काही खोटं नव्हतं रे. हवा तापतेच आहे, पाऊस एकदम कोसळतोच आहे, आणि हे मी मरेपर्यंत ओरडून सांगेन. पण त्या दिवशी मी त्याच्याआड लपलो होतो.

त्या पाण्यानंतर तू काकीला विरारला नेलंस. चौथ्या मजल्यावर तिला करमत नाही, असं तुझ्या सौ. जागृतीवहिनी सांगतात. मी दोनदा तुमच्या इमारतीखालून परत फिरलो.

शनिवारी बावखल खणायला मशीन येतंय. बारसं घरातच, घरच्या माणसांत. लोक नावं ठेवताहेत, ठेवोत. अडचण वेगळीच आहे. बावखलाचा काठ कुठवर होता, उतरायची पायरी कोणत्या बाजूला होती, मला सांगता येईना. भाषणात शंभरदा वर्णन केलं, पण घागर घेऊन कधी उतरलो नाही. काकी रोज उतरायची. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव आणि ती राजी असेल, तर शुक्रवारीच तिला घेऊन ये. तुमचं घर झाडूनपुसून ठेवलंय. ती येऊन बोट दाखवेपर्यंत मी मशीन सुरू करू देणार नाही.

तुझाच,
हरेश