लाखेवर धरलेलं पितळ

धुळे, १२ फेब्रु. ८९

आजही वाया. चकती पातळ, बशीएवढी. व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरली की तिच्या पोटाला बाक येतो. मिलिंग मशीनच्या कटरखाली तासून होईपर्यंत अगदी सपाट, जबडा सैल केला की पुन्हा वाकडी. हलकं धरावं तर थरथरते. अमळनेरचे आबा फवारणीचे पंप बनवतात, त्यांची ही पितळी झाकणं. वाकडी राहिली तर औषध फवारणाऱ्याच्या पाठीवर गळतं. आबांनी परत पाठवलेली देव्हाऱ्याशेजारी ठेवलीत. रोज सकाळी तोंड बघते त्यांचं.

मधेच सोडून द्यावंसं वाटलं. पण वडिलांचा, नानांचा नियम लहानपणापासून कानात बसलाय, "बांधेल जॉब अर्धा सोडानं नही." मशीन त्यांनीच शिकवलं मला, मी शाळेत होते तेव्हा. आता स्वतः मात्र ओसरीतूनच विचारतात, "मशीन बंद करी का?" अशीच एक पातळ पट्टी जबड्यातून सुटली आणि त्यांची दोन बोटं गेली. तेव्हापासून या खोलीत पाऊल नाही.

१९ फेब्रु.

भाऊ आला जळगावहून. ऑफिसात साहेब, घरी त्याहून मोठा साहेब. म्हणे मशीनला गिऱ्हाईक आहे, अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की टेम्पो घेऊन येईल. "मशीन गेलं की तुझं डोकंही ठिकाणावर येईल." म्हणजे मी शिंदखेड्याला जाईन, नवऱ्याकडे.

गेल्या आखाजीला माहेरपणाला आले ती परत गेले नाही. ज्या हाताने मारलं त्या हातात ताट द्यायला मी जाणार नाही. भाऊला सांगून झालं, नानांना सांगून झालं, गल्लीला न सांगताच कळलं. मशीन राहिलं तर मी माझ्या पोटापुरतं कमावते आणि इथे राहते. मशीन गेलं तर भाऊ म्हणेल तिथे जावं लागेल. मशीन नानांचं, शब्द त्यांचा. आणि ते गप्प. त्यांच्या गप्प बसण्याचा मला मनापासून राग येतो.

भाऊला म्हटलं, आबांचा माल सपाट करून दाखवते, मग तुझा टेम्पो रिकामा जाईल. हसला. हसू दे.

२ मार्च

गल्लीच्या टोकाला हमीदाखाला, लाखेच्या बांगड्या करते. तिच्याकडे सहज बसले होते. पितळेची पातळ पट्टी तिने गरम लाखेवर चिकटवली, गार होऊ दिली आणि वरून नक्षी ठोकायला लागली. ठोकतेय, ठोकतेय, पट्टी हलत नाही की वाकत नाही. बाजूने कुणी दाबतच नाहीये तिला, खालून सगळीकडे धरलंय!

"खाला, थोडी लाख दे ना."
"चूड़ियाँ बनाएगी?"
"नाही, झाकणं."

हसताना तिचा पानाचा डबा कलंडला.

५ मार्च

जाड लोखंडी प्लेट शेगडीवर तापवली, लाख पसरली, चकती दाबून बसवली. गार झाल्यावर प्लेट व्हाइसमध्ये. जबडा प्लेटला धरतो, चकतीला त्याचा स्पर्शही नाही. हलका काप घेतला. पुन्हा गरम करून सोडवली, पुसली, काचेवर ठेवली. डुगडुगत नाही. एकटीच हसत बसले.

घरभर लाखेचा वास, लग्नघरात बांगड्या भरतात तसा. नाना ओसरीतून, "कोनं लगीन शे?"

१६ एप्रिल

फजिती. फजिती कसली, जिवावरचंच. माल उरकायच्या नादात भर दुपारी मशीनवर. वर पत्रे तापलेले, लाख मऊ झाली, चकती सरकली, कटरने उचलली. कानाजवळून गेली आणि भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडली. थंडीत जमलं म्हणून उन्हाळ्यातही जमेल, असं धरून चालले. धुळ्यात जन्मले, वाढले आणि एप्रिलची दुपार विसरले! कुणाला सांगायची सोय नाही.

नाना उंबऱ्यापर्यंत आले. आधी माझे हात बघितले, मग भिंत. वाटलं, आता म्हणतील विकून टाक. म्हणाले, "भाऊले सांगू नको." आणि परत ओसरीवर.

१७ एप्रिल

मशीनला हात लावला नाही. भीती वाटली. वाटली तर वाटली, लिहून ठेवते. पण भीती वाटली म्हणून शिंदखेडा जवळचं वाटत नाही.

संध्याकाळी खालाकडे. ती म्हणाली, "लाख बेचारी क्या करेगी? ईंट का चूरा मिला उसमें. और ऐसी धूप में तो मैं भी काम नहीं करती, लाख से क्या कराती?"

२२ एप्रिल

चूक लाखेची नाहीच. धरायचं तिनेच, अडवायचंही तिनेच, असा सगळा भार मी तिच्यावर टाकला होता. मशीनवर बसवून जॉब गोल फिरवायचं नानांचं टेबल धूळ खात पडलं होतं, ते काढलं, प्लेटमध्ये चकतीच्या मापाची उथळ खोबण कापली. आता चकतीला सरकायला जागा नाही, लोखंडाचा काठ अडवतो. लाखेने फक्त खाली धरून ठेवायचं. विटेची भुकटीही घातली. अशीच दुसरी प्लेट केली, म्हणजे एक गार होईतो दुसरी चालते. काम उजाडल्यापासून पत्रे तापेपर्यंत. मग प्लेटा ओल्या गोणपाटात आणि मी ओसरीवर.

३ मे

आबा स्वतः आले, अमळनेरहून सकाळच्या एस.टी.ने. एकेक चकती काचेवर ठेवून चहूकडून नखाने दाबून पाहिली. सगळ्या पिशवीत भरल्या, पुढच्या चकत्या ठेवल्या. जाताना नानांना म्हणाले, "नाना, हात बसना तुमना परत."

नाना म्हणाले, "मना हात नही तो."

बस, एवढंच. मग कुणाचा, ते सांगायला काय झालं होतं? मी दारात उभीच होते की. दिवसभर धुमसत होते.

८ मे, आखाजी

गेलेल्या आईच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. भाऊ आला. पोरी लिंबाच्या झोक्यावर गात होत्या. शेजारच्या अक्का मुद्दाम मोठ्याने, "यंदा तरी परत जाशी ना वं?" म्हटलं, अक्का, आखाजीला पाहुण्या येतात, मी इथलीच आहे.

जेवताना भाऊ म्हणाला, "परवा टेम्पो येतोय." म्हटलं, "परवा मी मशीनवर असेन." नाना आमरस खात होते. खातच राहिले.

१० मे

टेम्पो आला सकाळीच. चकती बसवून मशीन सुरू केलेलं होतं. भाऊ दारातून, "बंद कर." म्हटलं, "बांधलेला जॉब अर्धा सोडत नाहीत. या घरचा नियम आहे." गिऱ्हाईक त्याच्यामागे, मशीनपेक्षा माझ्याकडेच बघतंय. बघू दे.

नाना ओसरीतून उठले. उंबऱ्याशी थांबले. मग आत आले. आले! आधी झालेली एक चकती काचेवर ठेवली, उरलेल्या बोटांनी फिरवून फिरवून दाबली.

"सपाट शे."

भाऊकडे बघितलंही नाही. कोनाड्यात गार होत ठेवलेली दुसरी प्लेट उचलली आणि माझ्यापुढे धरली. "हाई बांध आते." माझे डोळे भरले, पण कटरवरून नजर काढली नाही.

विकायचं की नाही, त्यावर अजून एक शब्द नाही. ड्रायव्हर लिंबाखाली झोपलाय. भाऊ आणि गिऱ्हाईक ओसरीवर चहा पितात. नाना इथेच, मशीनजवळच्या स्टुलावर. पत्रे तापायला लागले म्हणून काम थांबवलंय. मशीन जमिनीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांना एकच मोठा पाना चालतो. भाऊने दोनदा विचारलं, पाना कुठाय. नानांना ठाऊक आहे, ते बोलत नाहीत. मी त्या पान्यावरच बसून हे लिहितेय.